विश्लेषण : हिटलरला सलाम न करणारा सुतार... १३ मिनिटांनी हुकलेला गेऑर्ग एल्सरचा डाव आजही का चर्चेत?

८ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री ९ वाजून २० मिनिटांनी म्युनिकमधील ‘ब्युर्गरब्रॉयकेलर’ या बिअर हॉलमध्ये प्रचंड स्फोट झाला. व्यासपीठामागचा खांब उडाला आणि वरचे छत कोसळले. ज्याच्यासाठी हा बॉम्ब ठेवला होता तो अडॉल्फ हिटलर १३ मिनिटांपूर्वीच तिथून निघून गेला होता. हा परकीय हेरांचा कट असल्याचे नाझी राजवटीने जाहीर केले. प्रत्यक्षात तो ३६ वर्षांच्या एका सुताराने एकट्याने रचला होता. गेऑर्ग एल्सर हे त्याचे नाव. तो कोण होता, देवावर श्रद्धा असलेल्या या साध्या कारागिराने असे पाऊल का उचलले आणि त्याच्याच देशाला त्याचा मान राखायला अर्धशतक का लागले, याविषयी...

गेऑर्ग एल्सर कोण होता?

एल्सरचा जन्म ४ जानेवारी १९०३ रोजी दक्षिण जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात, हर्मारिंगेन या खेड्यात झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब जवळच्या कोनिग्सब्रॉन गावी आले. वडील थोडी शेती आणि लाकडाचा व्यापार करत. दारूच्या व्यसनाने त्यांनी हळूहळू घर कर्जात घातले. आई देवभोळी होती. प्रोटेस्टंट पंथाच्या या घरात प्रार्थना आणि रविवारचे चर्च ठरलेले असे. गेऑर्ग थोरला असल्याने धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि वडिलांच्या कामात हात लावणे त्याच्याकडेच असे.

शाळा संपल्यावर १९१७ मध्ये तो गावच्या लोखंडाच्या कारखान्यात लेथकाम शिकायला लागला. तिथली उष्णता आणि धूळ त्याच्या प्रकृतीला मानवली नाही. मग १९१९ मध्ये तो सुतारकामाकडे वळला. १९२२ च्या परीक्षेत तो वर्गात पहिला आला. घरी त्याने स्वतःचे छोटेसे वर्कशॉप थाटले. टेबल, कपाट, घड्याळाची पेटी असे जे बनवायचे ते बिनचूक झाले पाहिजे, हा त्याचा हट्ट. ओळखीच्या लोकांकडून तो मजुरीही बेताचीच घेई.

पुढची काही वर्षे तो स्वित्झर्लंडच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवराच्या परिसरात काम शोधत फिरला. काही काळ विमानांच्या कारखान्यात लाकडी पंखे घडवले, मग घड्याळांच्या कारखान्यांत काम केले. मंदीच्या काळात तो घरोघरी सुतारकाम करी आणि त्या बदल्यात राहण्याजेवणाची सोय होई. सुट्टीच्या दिवशी तो झिथर हे तंतुवाद्य वाजवत असे. तो कमी बोलायचा, पण माणूसघाणा नव्हता. १९३० मध्ये त्याला एक मुलगा झाला, पण त्याने त्या मुलाच्या आईशी लग्न केले नाही. १९३२ मध्ये घरची परिस्थिती बिघडल्यामुळे तो कोनिग्सब्रॉनला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला.

सलाम का केला नाही?

नाझी राजवटीत हात उंचावून हिटलरला सलाम करणे ही रोजची गोष्ट झाली होती. शाळा, कारखाना, पोस्ट ऑफिस, रस्ता, सगळीकडे लोक एकमेकांना त्याच सलामाने अभिवादन करत. सलाम टाळणारा माणूस लगेच नजरेत भरे. एल्सरने तो कधीच केला नाही. रेडिओवर हिटलरचे भाषण लागले की तो खोलीतून उठून जाई. १९३८ च्या मे महिन्यात गावातून नाझी पक्षाचे संचलन निघाले. रस्त्यावरच्या सगळ्यांचे हात वर गेले, तेव्हा तो पाठ फिरवून शीळ घालू लागला, असे गावकऱ्यांनी पुढे सांगितले.

तो कोणत्याही पक्षाचा नेता किंवा प्रचारक नव्हता. १९२८-२९ च्या सुमारास मित्राच्या आग्रहाने तो कम्युनिस्टांच्या एका संघटनेचा सदस्य झाला होता, पण सभांना क्वचितच जाई. कामगारांचे भले याच पक्षाकडून होईल असे वाटल्याने तो त्यांना मत देत असे, एवढेच.

त्याचा राग पोथीतला नव्हता. १९२९ मध्ये सुताराला तासाला एक मार्क मिळत असे. नाझी काळात तो दर ६८ फेनिगपर्यंत खाली आल्याचे त्याने पोलिसांना सांगितले. कामगाराला मनाप्रमाणे नोकरी बदलता येत नव्हती. हिटलरच्या युवक संघटनेमुळे आईवडिलांचा मुलांवर अधिकार उरला नव्हता आणि धर्माच्या बाबतीतही माणूस मोकळा राहिला नव्हता. या तक्रारी त्याने पुढे चौकशीत एकेक करून मांडल्या.

चर्चची शिकवण काय होती?

जर्मनीतील प्रोटेस्टंट चर्चवर मार्टिन लुथरच्या विचारांचा पगडा होता. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहावे, कारण सत्ता देवाने नेमलेली असते, असा उपदेश आहे. राजा असो वा सरकार, त्याचा मान राखणे हा धर्माचाच भाग, असे पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. त्यामुळे हिटलर आल्यावर अनेक ख्रिस्ती घरांत विरोधाचा विचारच पाप वाटत होता. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या गटाने तर नाझी विचारच चर्चमध्ये आणला.

याला विरोध करणारेही होते. १९३४ मध्ये काही पाद्री आणि धर्मशास्त्रज्ञांनी बार्मेन येथे जमून, चर्चचा प्रभू ख्रिस्त आहे, कोणताही राजकीय नेता नाही, अशी भूमिका जाहीर केली. मार्टिन निमोलर हे त्यांच्यातले एक प्रमुख पाद्री. त्यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि पुढे छळछावणीत ठेवण्यात आले. पण या मंडळींचा भर मुख्यतः चर्चचे स्वातंत्र्य टिकवण्यावर होता. राज्यकर्त्याला मारणे ही कल्पना त्यांच्यातील बहुतेकांच्या मनाला शिवलीही नव्हती.

एल्सरला या वादांची किती माहिती होती याला फारसे महत्त्व नाही. तो धर्मग्रंथ अभ्यासणारा नव्हता. देवाने जग निर्माण केले आणि तो माणसाचे कर्म पाहतो, एवढी त्याची श्रद्धा सरळ होती. त्याच श्रद्धेतून त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. युद्ध येणार आणि असंख्य माणसे मरणार हे दिसत असताना गप्प बसणेही पाप नाही का?

निर्णय केव्हा घेतला?

सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिक करार झाला. ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊ केला आणि युद्ध टळले म्हणून युरोपने सुटकेचा श्वास टाकला. एल्सर मात्र उलट निष्कर्षाला आला. हिटलर एवढ्यावर थांबणार नाही आणि युद्ध अटळ आहे, असे त्याला वाटले. ते टाळायचे तर हिटलर, गोअरिंग आणि गोबेल्स यांना दूर केले पाहिजे, असे त्याने त्याच शरद ऋतूत ठरवले.

जागा शोधायला वेळ लागला नाही. १९२३ मध्ये हिटलरने सत्ता उलथवण्याचा फसलेला प्रयत्न ब्युर्गरब्रॉयकेलरमधूनच सुरू केला होता. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी ८ नोव्हेंबरला तो तिथे जुन्या साथीदारांसमोर भाषण करी. १९३८ च्या त्या दिवशी एल्सर म्युनिकला गेला आणि कार्यक्रमानंतर सभागृह पाहून आला. लगेच पुढच्या रात्री देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि दुकाने फोडली गेली.

त्या वेळी तो हायडनहाइम येथील एका कारखान्यात नोकरीला होता. तिथून त्याने दारू आणि फ्यूज थोडे थोडे करून बाहेर काढले. १९३९ च्या वसंतात ती नोकरी सोडून त्याने गावाजवळच्या दगडखाणीत काम धरले आणि तिथून सुरुंगाच्या कांड्या व डिटोनेटर मिळवले. आईवडिलांच्या फळबागेत त्याने त्यांची चाचणी घेतली.

बॉम्ब खांबात कसा बसवला?

ऑगस्ट १९३९ मध्ये तो म्युनिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहायला आला. घरमालकांना त्याने आपण एका शोधावर काम करत असल्याचे सांगितले. रात्री तो ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये साधे जेवण घेई, मग नजर चुकवून सज्जावर जाई आणि तिथल्या सामानाच्या खोलीत लपून बसे. हॉल बंद झाला की कामाला लागे. अशा तीसहून अधिक रात्री त्याने तिथे काढल्या. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ज्या युद्धाला तो घाबरत होता ते सुरूही झाले. तरी त्याने काम थांबवले नाही.

व्यासपीठामागच्या खांबावर लाकडी आवरण होते. त्याचा एक तुकडा त्याने करवतीने इतक्या सफाईने कापला, की बिजागरी लावून त्याचे दार केल्यावरही दिवसा कोणाला सांधा दिसत नसे. आतला विटांचा भाग तो हाताने पोखरत गेला. प्रकाशासाठी बॅटरी होती, तिच्यावर निळा रुमाल बांधलेला. प्रत्येक मोठा ठोका बाहेरच्या एखाद्या आवाजाशी जुळवून घ्यावा लागे. पडलेला भुगा आणि विटांचे तुकडे तो गोळा करून बाहेर नेई आणि इझार नदीकाठी टाकून देई. सतत गुडघ्यांवर बसून काम केल्याने त्याचे गुडघे चिघळले.

बॉम्बसाठी त्याने दोन घड्याळांची यंत्रे वापरली. एक बंद पडले तर दुसरे चालावे, हा हेतू. घड्याळांच्या कारखान्यात थकलेल्या मजुरीच्या बदल्यात मिळालेली यंत्रे त्याच्याकडे होती. ती त्याने अशी जुळवली की सहा दिवस आधी वेळ लावता यावी. टिकटिक ऐकू येऊ नये म्हणून पेटीला कॉर्क लावला. सजावटीसाठी कोणी खांबावर खिळा ठोकला तर तो आत जाऊ नये आणि खांब ठोकून पाहिला तरी पोकळ वाजू नये, म्हणून दाराला आतून पत्रा बसवला.

५ नोव्हेंबरच्या रविवारी हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम होता. एल्सर तिकीट काढून आत गेला, सगळे पांगेपर्यंत थांबला आणि मग त्याने घड्याळे लावली. दुसऱ्या दिवशी तो स्टुटगार्टला बहिणीकडे गेला. परदेशी जातो आहे एवढेच तिला सांगितले आणि उरलेसुरले सामान तिच्याकडे ठेवले. ७ नोव्हेंबरच्या रात्री मात्र तो पुन्हा म्युनिकला आला आणि खांबाला कान लावून घड्याळे चालू असल्याची खात्री करून घेतली.

१३ मिनिटांत काय घडले?

हिटलर दरवर्षी साधारण साडेआठला बोलायला उभा राहून दहाच्या सुमारास थांबत असे. १९३९ मध्ये युद्ध चालू असल्याने त्याला त्याच रात्री बर्लिनला परतायचे होते. धुक्यामुळे विमानाचा भरवसा नव्हता, म्हणून रेल्वेने जायचे ठरले आणि कार्यक्रम अलीकडे आणला गेला. तो आठ वाजता बोलू लागला आणि ९ वाजून ७ मिनिटांनी थांबला. ९ वाजून २० मिनिटांनी घड्याळांनी आपले काम केले. वेळ अगदी ठरल्याप्रमाणे होती. बदलला होता तो हिटलरचा कार्यक्रम.

आठ जण मरण पावले, साठहून अधिक जखमी झाले. मृतांत बहुतेक नाझी पक्षाचे लोक होते, पण हॉलमध्ये काम करणारी एक वेट्रेसही होती. ती चळवळीची नव्हती, पोटासाठी राबणारी होती, एल्सरसारखीच. त्याच्या चरित्रातील ही बाजू झाकता येत नाही. १९९९ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने नेमका हाच मुद्दा काढला, की निरपराधांचा जीव धोक्यात घालून स्वतः दूर निघून जाणे नैतिक कसे? त्यावरून जर्मनीत मोठा वाद झाला. हिटलर मेला असता तर किती जीव वाचले असते, हे दुसऱ्या बाजूचे उत्तर होते. दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणूनच तो वाद मिटला नाही.

एल्सर त्या वेळी कॉन्स्टन्सला पोहोचला होता. रात्री पावणेनऊला, स्वित्झर्लंडच्या कुंपणापासून जेमतेम काही पावलांवर, कस्टमच्या पहारेकऱ्यांनी त्याला पकडले. ते रेडिओवर हिटलरचेच भाषण ऐकत होते. बॉम्ब अजून फुटलाही नव्हता. झडतीत त्याच्याकडे तार कापायची पक्कड, फ्यूजचे भाग आणि ब्युर्गरब्रॉयकेलरचे चित्र असलेले पोस्टकार्ड सापडले.

चौकशीत तो श्रद्धेबद्दल काय म्हणाला?

म्युनिकमध्ये मारहाणीनंतर १३-१४ नोव्हेंबरच्या रात्री त्याने कबुली दिली. पुढे बर्लिनमध्ये पाच दिवस जबाब घेतला गेला. एकटा सुतार हे करू शकतो यावर वरिष्ठांचा विश्वास बसेना. अखेर त्याने त्यांना बॉम्बची प्रतिकृती बनवून दाखवली. त्याचे आईवडील, भावंडे आणि मैत्रिणींनाही पकडून नेले गेले. बहीण आणि मेहुणा वर्षाहून अधिक काळ तुरुंगात राहिले.

पोलिसांनी त्याला धर्माबद्दलही विचारले. कामाच्या त्या महिन्यांत आपण नेहमीपेक्षा अधिक वेळा प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, आठवड्याच्या अधल्यामधल्या दिवशीही चर्चमध्ये जाऊन बसत होतो, प्रोटेस्टंट चर्च जवळ नसेल तर कॅथलिक चर्चमध्येही, असे त्याने सांगितले. प्रार्थनेनंतर मन शांत होई. आपल्या कृत्याला तो पाप मानत नव्हता, कारण त्यातून अधिक रक्तपात टळेल अशी त्याची समजूत होती. मात्र डाव फसल्यावर, तो यशस्वी व्हावा अशी देवाची इच्छाच नसावी, असेही तो म्हणाला. कोठडीतील आणि मारहाणीनंतरचे हे बोलणे आहे, हे लक्षात घेऊनच ते वाचावे लागते. तरीही त्यात शहीद होण्याचा आव नाही. आपला हिशेब चुकला असू शकतो, हे मान्य करणारा माणूस त्यात दिसतो.

त्याचा शेवट कसा झाला?

त्याच्यावर खटला चालला नाही. युद्ध जिंकल्यावर ब्रिटनला गोवणारा मोठा खटला भरायचा, असा नाझींचा बेत होता. तोवर त्याला झाक्सनहाउझेन छळछावणीत ‘एलर’ या खोट्या नावाने एकांतात ठेवले. तिथे त्याला सुतारकामाचे टेबल आणि हत्यारे मिळाली. त्याने स्वतःसाठी झिथर बनवले आणि तो ते वाजवत बसे.

१९४५ च्या सुरुवातीला त्याला म्युनिकजवळच्या डाखाउ छावणीत हलवले. पराभव दिसू लागला, तेव्हा ५ एप्रिलच्या पत्राने त्याला संपवण्याचा हुकूम निघाला. हवाई हल्ल्यात मेल्याचे दाखवावे, अशी सूचनाही त्यात होती. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला गोळी घातली गेली. त्याच दिवशी फ्लॉसेनब्युर्ग छावणीत हिटलरविरोधी कटात सामील असलेले प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांना फाशी दिले गेले. वीस दिवसांनी अमेरिकी सैन्याने डाखाउ मुक्त केले.

देशाने त्याला उशिरा का स्वीकारले?

युद्धानंतरही एल्सरची बदनामी थांबली नाही. तो नाझींचाच माणूस होता आणि हिटलरची लोकप्रियता वाढवण्यासाठी स्फोटाचे नाटक केले गेले, अशी अफवा छावणीतल्या कैद्यांमध्ये पसरली होती. स्वतः छळ सोसलेले निमोलर यांनीही १९४६ मध्ये ती जाहीरपणे सांगितली. एल्सरच्या आईने पत्र लिहून विचारणा केली, तरी त्यांचे मत बदलले नाही. ज्या चर्चच्या प्रार्थनेने एल्सरला बळ दिले, त्याच चर्चच्या एका धाडसी माणसाकडून हा अन्याय झाला.

दुसरे कारण सामाजिक होते. २० जुलै १९४४ च्या कटातील लष्करी अधिकारी उच्च घराण्यांतले आणि सुशिक्षित होते. हिटलरशी घेतलेली निष्ठेची शपथ मोडताना त्यांनी केलेला विचार लोकांना समजत होता. पण मागे कोणी नसताना, कोणालाही न विचारता, युद्ध सुरू होण्याआधीच एका कामगाराला जे दिसले ते इतरांना का दिसले नाही, हा प्रश्न अनेक घरांना अडचणीचा होता. आम्हाला काहीच माहीत नव्हते, असे म्हणणाऱ्यांना एल्सर नकोसा होता.

१९६४ मध्ये बर्लिनमधील जबाबाची कागदपत्रे सापडली आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर अफवांचा पाया उरला नाही. १९९७ मध्ये म्युनिकमधील एका चौकाला त्याचे नाव मिळाले, तर १९९८ मध्ये कोनिग्सब्रॉनमध्ये स्मृतिस्थळ उभे राहिले. २०११ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्मश्ट्रासेवर १७ मीटर उंच शिल्प उभारले गेले, ज्या रस्त्यावर एकेकाळी हिटलरचे कार्यालय होते. २०१९ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांनी हर्मारिंगेनला जाऊन त्याच्या स्मारकाचे अनावरण केले. ज्या राज्यकर्त्यापुढे या सुताराने हात वर केला नाही, त्याच देशाचा सर्वोच्च नेता ८० वर्षांनी त्याच्या गावी मान द्यायला आला.

म्युनिकच्या गेऑर्ग एल्सर चौकात शाळेच्या भिंतीवर एक प्रकाशशिल्प आहे. दिवसभर ते विझलेले असते. रोज रात्री बरोबर ९ वाजून २० मिनिटांनी ते उजळते आणि मिनिटभराने पुन्हा विझते.